मेंदूचा व्रण आणि मनाचा न्याय

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. त्या धर्मग्रामातील एक बाई रोज सकाळच्या मिस्सेला पहिल्या बाकावर असत. मुलांना धर्मशिक्षण देणे, वेदीची फुले बदलणे, आजाऱ्यांच्या घरी रोझरीला जाणे ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली होती. वय पंचेचाळिशीच्या आसपास. हळूहळू त्यांच्यात बदल होऊ लागला. त्या मिस्सेत मध्येच हसू लागल्या. अंगावरच्या कपड्यांकडे त्यांचे लक्ष राहीना. जाऊ आपल्या जेवणात विष कालवते असे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागल्या. रात्री कोणीतरी आपल्याला विहिरीकडे बोलावते, तो आवाज आपण स्पष्ट ऐकतो, असे त्या शपथेवर सांगत.

त्यांचे पती माझ्याकडे आले. गावात कोणी करणी म्हणत होते, कोणी बाहेरची बाधा म्हणत होते, तर कोणी घराण्याचे पाप काढीत होते. मी सेमिनरीत शिकलेला मनुष्य. करणीवर माझा विश्वास नव्हता. पण मी काय केले? घर आशीर्वादित केले, पवित्र पाणी शिंपडले, नऊ दिवसांची नोव्हेना सांगितली आणि "जावेशी समेट करा, मन शांत होईल" असा उपदेश केला. माझ्या मते तो आजार रागातून व असूयेतून, म्हणजे एका अर्थी पापातून, उद्भवलेला होता. नोव्हेनामागून नोव्हेना होत राहिली. आठ महिने गेले.

शेवटी तालुक्याच्या गावातील एका तरुण डॉक्टरने त्यांना तपासताना एक साधा प्रश्न विचारला, "बाई, तुम्हांला वास येतो का?" पती क्षणभर गोंधळले. मग त्यांना आठवले, की गेले वर्षभर चुलीवर दूध जळून कोळसा झाले तरी तिच्या ध्यानात येत नसे. डॉक्टरने मुंबईला चिठ्ठी दिली. स्कॅनमध्ये कपाळाच्या हाडामागे, नाकाच्या वर, लिंबाएवढी गाठ दिसली. गाठ कर्करोगाची नव्हती. मेंदूच्या आवरणातून ती वर्षानुवर्षे सावकाश वाढत होती. शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांत विहिरीकडचा आवाज थांबला, विषाचा संशय गेला आणि पूर्वीच्या बाई घरी परतल्या. परंतु गाठीच्या दाबाने एका डोळ्याची नस सुकली होती. त्या डोळ्याची दृष्टी आली नाही. आणखी सहा महिने आधी आणले असते तर कदाचित डोळा वाचला असता, असे शल्यविशारदांनी पतीला सांगितले आणि त्यांनी ते मला सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. ज्याला आपण मन म्हणतो, स्वभाव म्हणतो, प्रसंगी पाप किंवा पीडा म्हणतो, ते मांसाच्या एका गाठीने बदलत असेल, तर आत्मा म्हणजे काय? माणसाच्या कृत्यांचा हिशोब कसा करावयाचा? आणि आपण धर्मग्रामातील माणसांनी अशा आजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावयाचे?

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. मेंदू मात्र कवटीच्या सावलीत दडलेलाच राहिला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याने बनविलेल्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन काढण्यात आला. ती रुग्णही एक स्त्रीच होती आणि तिच्या कपाळामागील भागात गाठ असल्याचा संशय होता. गाठ चित्रात दिसली. १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर चुंबकाच्या साहाय्याने अधिक सूक्ष्म चित्र घेणारे एम. आर. आय. यंत्र आले.

या यंत्रांमुळे एक गोष्ट निर्विवाद झाली. भास होणे, निराधार संशय मनात पक्का बसणे, वास्तवाशी नाते तुटणे, ज्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात व आपण चित्तभ्रम म्हणू, त्याच्या मुळाशी काही वेळा मेंदूतील प्रत्यक्ष इजा असते. ती गाठ असेल, रक्तपुरवठा तुटल्याने मेलेला भाग असेल, क्षयाची गाठ असेल, अपघाताचा मार असेल. आपल्या देशात आणखी एक कारण आढळते. डुकराच्या मांसातील पट्टकृमीची अंडी पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत पोहोचून तेथे त्यांच्या गाठी होतात. ही अंडी मांसातून नव्हे, तर पोटात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतून येतात. म्हणून मांसाला न शिवणाऱ्यालाही हा रोग होऊ शकतो. त्याने बहुधा फेफरे येते, पण क्वचित चित्तही भ्रमते.

मेंदूच्या इजेने किती चमत्कारिक भ्रम निर्माण होतो याचे एक उदाहरण देतो. १९२३ साली कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला वाटे, की आपली माणसे नाहीशी करण्यात आली असून त्यांच्या जागी हुबेहूब तशीच तोतया माणसे आणून बसविली आहेत. पुढे असाच भ्रम मेंदूला, विशेषतः त्याच्या उजव्या भागाला, इजा झालेल्या अनेक रुग्णांत आढळला. एक उपपत्ती अशी, की चेहरा ओळखण्याची शक्ती शाबूत राहते, पण ओळखीबरोबर मनात उमटणारा जिव्हाळा उमटत नाही. आई दिसते, पण आई "वाटत" नाही. मग बुद्धी निष्कर्ष काढते, की ही आई नव्हेच. अशा मुलाला आपण कृतघ्न म्हणणार का?

म्हणून कुटुंबीयांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. चाळिशीनंतर आयुष्यात प्रथमच असे वागणे सुरू झाले, त्यासोबत सतत डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, झटके आले, हातपाय लुळे पडले, दृष्टी वा वास गेला, शुद्ध कमी-जास्त होऊ लागली, किंवा आवाजांपेक्षा दृश्येच अधिक दिसू लागली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.

परंतु येथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिल्मवर काही दिसले म्हणजे आजाराचे कारण सापडलेच असे नाही. धडधाकट माणसांच्या मेंदूतही लहानसहान डाग व गाठी योगायोगाने आढळतात. इजा कोठे आहे, ती आधी झाली की भ्रम आधी सुरू झाला, इजा दूर झाल्यावर भ्रम ओसरला का, हे सारे डॉक्टरांना पाहावे लागते. उलट, फिल्म स्वच्छ आहे म्हणजे मेंदू निरोगी आहे असेही नाही. १९७६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले, की जुनाट स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. पण हा फरक समूहांच्या सरासरीचा आहे. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून त्याला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे आजही सांगता येत नाही. बहुतेक मनोरुग्णांच्या चित्रात डॉक्टरांना बोट ठेवून दाखविण्यासारखे काहीच सापडत नाही.

२००९ साली न्यूयॉर्कमधील सुझाना कॅहलन या चोवीस वर्षांच्या पत्रकार तरुणीला भ्रम होऊ लागले. तिचा एम. आर. आय. निर्दोष आला. तिला मनोरुग्णालयात धाडण्याची वेळ आली होती. एका डॉक्टरने तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. तिने बाराही आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले. त्यावरून मेंदूच्या एका बाजूला दाह असल्याचे त्याने ओळखले. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याने होणारा हा आजार जोसेप डाल्माऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली, म्हणजे अवघी दोन वर्षे आधी, उजेडात आणला होता. उपचारांनी ती बरी झाली आणि तिने आपली कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. लाखो रुपयांचे यंत्र जे सांगू शकले नाही ते कागद-पेन्सिलीने सांगितले; कारण कोणीतरी त्या मुलीसमोर शांतपणे बसले होते.

आता आत्म्याच्या प्रश्नाकडे वळू. मेंदू बिघडला की मन बिघडते, म्हणून मेंदू म्हणजेच मन आणि आत्मा ही केवळ कल्पना, असा निष्कर्ष काही जण काढतात. यावर आपण ख्रिस्ती प्रवचनकार बहुधा पेटीवाल्याचा दृष्टान्त देतो. पेटी बिघडली तर सूर बेसूर लागतो, पण वाजविणारा आत सुखरूप असतो. मीही हा दृष्टान्त पुष्कळदा दिला आहे. तो सांत्वन करतो, पण तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे यथार्थ चित्र नव्हे. त्यात शरीर हे आत्म्याचे निव्वळ अवजार ठरते आणि खरा माणूस कोठेतरी आत, अस्पर्श, बसून राहतो.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात असे म्हणत नाहीत. आत्मा हा शरीराचे रूप आहे, त्याला जिवंत मानवी शरीर बनविणारे तत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी. आणि बुद्धियुक्त आत्मा हे मानवी शरीराचे रूप होय, हे १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून घोषित केले. आपल्या प्रमुख ग्रंथात बुद्धीविषयी विवेचन करताना संत थॉमस उन्मादाने पछाडलेल्या रुग्णाचे उदाहरण देतात. शरीरेंद्रियाला इजा होऊन कल्पनाशक्ती अडली, की माणसाला पूर्वी ठाऊक असलेल्या गोष्टींचेही आकलन होईनासे होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, स्कॅनची कल्पनाही कोणाला नसताना, ख्रिस्तसभेचा हा महापंडित इंद्रियाच्या इजेने बुद्धीचा व्यापार थांबतो हे निःसंकोच मान्य करतो. आणि त्यामुळे त्याची आत्म्यावरची श्रद्धा डळमळत नाही. उलट, माणूस हा देह आणि आत्मा यांची एकसंध निर्मिती आहे याचा तो पुरावाच समजतो. सेमिनरीत हा ग्रंथ मी अभ्यासला होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळविले होते. विहिरीचा आवाज ऐकणाऱ्या त्या बाईंसमोर मात्र मला तो आठवला नाही.

म्हणून स्कॅनची भीती श्रद्धावंताला वाटण्याचे कारण नाही. यंत्र मेंदूचा आकार दाखविते, रक्ताचा प्रवाह दाखविते. माणसाची किंमत मोजण्याचे साधन ते नव्हे. कपाळामागे गाठ असतानाही त्या बाई पूर्णांशाने देवाची लेक होत्या. आजारात त्यांच्या आत्म्याचा काही भाग उणा झाला नव्हता. संपूर्ण माणूसच आजारी होता आणि संपूर्ण माणसावरच देवाचे प्रेम होते.

मग कृत्यांच्या जबाबदारीचे काय? गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि मनःपूर्वक संमती लागते, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. जाणीव वा संमती आजाराने खुंटली तर दोषही तितकाच उणावतो. मानवी कायदाही याच वाटेने गेला. १८४३ साली इंग्लंडमध्ये मॅकनॉटन नावाच्या भ्रमिष्ट माणसाने पंतप्रधानांच्या सचिवाला ठार मारले. त्या खटल्यानंतर जे नियम ठरले त्यांचाच आशय १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमात उतरला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमात तो कायम आहे. मेंदूत गाठ आहे की नाही, हा कायद्याचा प्रश्न नाही. आपण काय करीत आहोत आणि ते गैर आहे, हे त्या क्षणी त्या माणसाला समजू शकत होते काय, हा त्याचा प्रश्न आहे.

१९८२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळी झाडणाऱ्या जॉन हिंक्लेच्या खटल्यात त्याच्या मेंदूचा स्कॅन न्यायालयात दाखविण्यात आला. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी त्याच चित्राचे वेगवेगळे अर्थ लावले. मनोविकाराच्या कारणावरून ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. त्यापूर्वी १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार करून अनेकांचे प्राण घेणाऱ्या चार्ल्स व्हिटमनने चिठ्ठी लिहून ठेवली होती, की मृत्यूनंतर माझे शवविच्छेदन करून काही दोष आहे का ते पाहा. मेंदूत खरोखरच गाठ निघाली. तरीही त्या गाठीमुळेच त्याने ते कृत्य केले असे चौकशी समितीला निश्चितपणे म्हणता आले नाही. चित्र साक्ष देऊ शकते. निवाडा देऊ शकत नाही. आणि अंतिम निवाडा तर आपल्यापैकी कोणाच्याच हाती नाही, ही गोष्ट मला दिलासा देणारी वाटते.

भूतबाधेचा प्रश्न टाळून चालणार नाही. शुभवर्तमानांत प्रभू येशू भूतग्रस्तांना मुक्त करतो, हे आपण वाचतो आणि मानतो. पण जर्मनीतील आनेलीझ मिशेल या तरुणीची शोकांतिकाही आपण वाचली पाहिजे. तिला फेफऱ्याचा आजार असल्याचे निदान होऊन औषधोपचार झाले होते. पुढे ती भूतग्रस्त आहे असे मानून १९७५-७६ मध्ये तिच्यावर भूतनिरसनाचे विधी करण्यात आले. त्यास बिशपांची परवानगी होती. ती खाईना, पिईना. १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती उपासमारीने मरण पावली. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरविले. ती चारही माणसे दुष्ट नव्हती. ती प्रार्थना करीत होती. म्हणूनच ही कथा वाचताना माझा जीव कासावीस होतो. मी त्यांच्या किती जवळ उभा होतो, हे मला ठाऊक आहे.

बाधा झाल्याचे सहज मानू नये, अशी ताकीद १६१४ च्या रोमन विधिग्रंथातही होती. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे १९९२ सालचा कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ त्याच्या १६७३ व्या परिच्छेदात स्पष्ट सांगतो. बिशपांच्या खास परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला भूतनिरसनाचा विधी करता येत नाही. असे असताना आपल्याकडे अजूनही कोणी बांधलेल्या अवस्थेत आजाऱ्याला प्रार्थनासभेला आणतो, कोणी गोळ्या बंद करावयास सांगतो. वाचकहो, औषध थांबवा असे सांगणारी प्रार्थना ख्रिस्तसभेची प्रार्थना नव्हे.

आता दुसरी आठवण सांगतो आणि लेख आवरता घेतो. काही वर्षांनी, दुसऱ्या धर्मग्रामात, एक शेतकरी आपल्या विशीतल्या मुलाच्या मेंदूची फिल्म पाकिटात घालून माझ्याकडे आला. मुलगा स्वतःशीच बोले, कॉलेज सोडून दिवसरात्र खोलीत कोंडून घेई, आईने दिलेले अन्न फेकून देई. बाप म्हणाला, "फादर, फोटो साफ आहे. डॉक्टर म्हणाला, मेंदूत काही नाही. म्हणजे पोरगा ढोंग करतो. आता मी त्याला सरळ करतो." मी म्हणालो, "डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत ना?" तो म्हणाला, "काही नाही तर गोळ्या कशाला?" पुढे कळले, की त्याने मुलाला मारले होते.

मी त्या बापाला दोष देऊ शकलो नाही. कारण त्याचे तर्कशास्त्र आपल्या सर्वांचे आहे. गाठ सापडलेल्या बाईंची साऱ्या गावाने क्षमा मागितली. जाऊ रुग्णालयात डबा घेऊन गेली. फिल्मवर एक पांढरा गोळा दिसला आणि सारे आरोप एका दिवसात विरून गेले. या मुलाच्या फिल्मवर गोळा नव्हता. म्हणून तो आळशी, ढोंगी, वाया गेलेला ठरला. दोघांचे आवाज सारखेच खरे होते, दोघांची भीती सारखीच होती. दया दाखविण्यापूर्वी आम्हांला पुराव्याचे चित्र हवे होते, एवढेच. संत थॉमसने ज्या बोटाने जखम चाचपून पाहण्याचा आग्रह धरला तेच बोट आपण आजाऱ्याच्या मेंदूकडे रोखून विचारतो: जखम दाखव, मग विश्वास ठेवतो.

स्कॅन अवश्य करावा, डॉक्टर सांगतील तेव्हा करावा. बऱ्या होणाऱ्या आजाराची संधी त्यामुळे हुकत नाही. पण स्कॅन डॉक्टरांसाठी आहे. आपल्या दयेची परवानगी देण्यासाठी तो नाही.

बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्ना हिच्या मंदिराला मध्ययुगापासून मनोरुग्ण येत. मंदिरातील जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावातील कुटुंबांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ही प्रथा शतकानुशतके चालत आली आणि वैद्यकीय देखरेखीखाली आजही चालू आहे. ज्या काळात एकाही रुग्णाच्या मेंदूत काय आहे हे कोणाला दिसत नव्हते, त्या काळात त्या गावाने ताटे वाढली. आपल्या धर्मग्रामांत एवढे मोठे काम एकदम होणार नाही. पण अशा घराला भेट देणे, लग्नाचे आमंत्रण त्या घरातील आजाऱ्यालाही देणे, दर महिन्याला औषध आणावयास सोबत जाणे, मिस्सेत तो मध्येच मोठ्याने बोलला तर मागे वळून न पाहणे, एवढे आपणांस करता येईल.

तो मुलगा आज बापाच्या वाडीत काम करतो. गोळ्या चालू आहेत. आवाज पूर्ण थांबलेले नाहीत, पण तो त्यांना ओळखतो. बाप त्याला दवाखान्यात स्वतः घेऊन जातो.

आणि त्या बाई? गेल्या वर्षी एका सणाला मी त्या जुन्या धर्मग्रामात गेलो होतो. मिस्सेनंतर त्या भेटल्या. पुष्कळ वर्षे मनात ठेवलेले वाक्य मी अखेर बोललो. "बाई, मी तुम्हांला आधीच डॉक्टरांकडे पाठवावयास हवे होते. मला क्षमा करा." त्यांनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फादर, तेव्हा तुम्ही काय सांगत होता ते मला काही आठवत नाही. तुम्ही घरी येत होता, एवढं आठवतं."

त्यांनी मला क्षमा केली. मी मात्र एवढेच शिकलो आहे, की आजाऱ्याच्या घरी जावे आणि जाताना डॉक्टरचा पत्ता खिशात ठेवावा.